चावडीच्या भिंतीवरचं चित्र

जरा बाजूला व्हा, मागून दिंडी येतेय! सोपानकाकांची पालखी कोऱ्हाळे बुद्रुकात शिरलीय आणि तुम्ही भर गर्दीत सापडला आहात. पायाखाली कोमट चिखल. घामाचा, बुक्क्याचा, चुलीवरच्या भाकरीचा वास एकदमच नाकात शिरतो. टाळ इतके जवळ वाजताहेत की दातांत झिणझिण्या येतात. १९४९चा दारूबंदी कायदा येऊन दोनतीन वर्षं झालीत.

रेटारेटीत तुम्ही चावडीच्या भिंतीला टेकता. पाठीला ओलं लागतं. वळून बघा, दारूबंदीचं चित्र आत्ताच डकवलंय, खळ अजून वाळलेली नाही. एका बाजूला धडधाकट माणसाचं यकृत, तुकतुकीत आणि लालसर. शेजारी दारुड्याचं, आक्रसलेलं, गाठीगाठींचं. खाली तो स्वतः उभा, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं.

कडेवर पोर घेतलेली एक बाई चित्रापाशी थबकते. तिला अक्षरओळख नाही. ती नगाऱ्यासारख्या त्या पोटावर बोट ठेवते आणि शेजारणीला म्हणते, "आमच्या धन्याचं अस्संच झालं हुतं बघ."

एवढ्यात वारा फिरतो आणि ओढ्याकडून आंबलेल्या गुळाचा, नवसागराचा भपकारा येतो. कायदा कागदावर, हातभट्टी झुडपाआड. नीरा डाव्या कालव्यानं या भागात ऊस आणला, उसाबरोबर गूळ आला, मग भट्टीला काय कमी? त्या दारूत मिथेनॉल असलं तर डोळेही जातात, तेवढं मात्र या चित्रात नाही.

जे आहे ते मात्र आजही तंतोतंत खरं आहे. यकृत बिघडत असताना फारसं दुखत नाही. माणूस शेतात राबतो, जेवतो, हसतो. पोटात पाणी साठून ते फुगतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्या बाईला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, याचा मला फार राग येतो.

पलीकडे एक गडी विणेकऱ्यापुढे मान झुकवून तुळशीची माळ घालून घेतोय. आजपासून दारू बंद. त्याची बायको मागे उभी आहे, पदर तोंडाशी धरून.

तुमच्या घरात कुणी पीत असेल तर पोट फुगायची वाट पाहू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडूही नका. हातपाय कापतात, झटके येतात, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, कधी जिवावरही बेततं. माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टरांना गाठा.