स्मृती आणि साठवण : गणकयंत्राच्या परिभाषेतील एका भेदाचा इतिहास

गणकयंत्राची मुख्य स्मृती तात्पुरती आणि तबकडीवरील साठवण कायमची, असा भेद आज पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो. वीज खंडित होताच पहिलीतील मजकूर नाहीसा होतो, दुसरीतील टिकतो, हे त्याचे गमक. आजच्या बहुतेक यंत्रांना हे वर्णन लागू पडते. परंतु या भेदाचे मूळ टिकाऊपणात नाही.

जून १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या नियोजित यंत्राविषयी अहवाल लिहिला. त्यात 'स्मृती' हे यंत्राचे अंग मानले असून छिद्रपत्रे, फिती, चुंबकीय तार यांना 'बाह्य नोंदमाध्यम' म्हटले आहे. म्हणजे भेद आत आणि बाहेर असा होता. इंग्लंडात 'भांडार' या अर्थाचा 'स्टोअर' हा शब्द रूढ झाला. ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० च्या निबंधात तोच वापरला. मानवी मनाचे रूपक त्यात नाही.

त्या काळातील द्रव्यांचा विचार केल्यास हीच गोष्ट स्पष्ट होते. मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी चाललेल्या यंत्राची स्मृती किरणनलिकेच्या पडद्यावरील विद्युत्‌भारांची होती. ते विरण्यापूर्वी पुनःपुन्हा ताजे करावे लागत. उलट, १९५४ पासून वापरात आलेल्या आयबीएम ६५० ची मुख्य स्मृती म्हणजे फिरता चुंबकीय ढोल होय. १९५३ साली 'व्हर्लविंड' यंत्रात बसविलेली चुंबकीय कड्यांची स्मृतीही वीज गेल्यावर मजकूर राखू शके. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' यंत्रातही अशाच कड्या होत्या.

मग भेद कशाचा? वेगाचा आणि खर्चाचा. १९५६ च्या 'रॅमॅक' यंत्राच्या ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरे मावत, पण इष्ट जागी पोहोचण्यास सरासरी अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागे. चुंबकीय कड्यांना काही मायक्रोसेकंद पुरत. मात्र त्या महाग असल्याने थोड्याच वापरता येत. १९६२ च्या 'ॲटलास' यंत्राने कड्या आणि ढोल ही दोन्ही भांडारे आज्ञावलीला एकच भासतील अशी योजना केली. अंतर केवळ वेगाचे होते, म्हणूनच हे साधले.

टिकाऊपणाचे गमक पुढे आले ते अर्धवाहकांमुळे. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली एकस्व मिळालेल्या रचनेत प्रत्येक अंक सूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपात राहतो, आणि तो भार गळतो. १९७० मध्ये इंटेलने अशा प्रकारची १०२४ अंकांची चकती बाजारात आणली. स्वस्ताईमुळे त्या दशकात अशा चकत्यांनी कड्यांची जागा घेतली. क्षणभंगुरता हा स्मृतीचा धर्म मानला जाऊ लागला तो त्यानंतर.

तेव्हा व्याख्या करताना द्रव्याच्या गुणाला संकल्पनेचे लक्षण समजू नये. द्रव्य बदलले की अशी व्याख्या खोटी ठरते. कार्यावर आधारलेली व्याख्या मात्र १९४५ प्रमाणेच आजही टिकते.