आउटबोर्ड इंजिन : प्रज्वलनदोषांचे निदान

होडीच्या पिछाडीला बाहेरून अडकवलेल्या इंजिनात ठिणगी का पडत नाही, अवेळी का पडते किंवा इंजिन तापल्यावर का हरवते, हे शोधण्याची रीत. येथील विवेचन किनाऱ्यावर नेहमी दिसणाऱ्या टू-स्ट्रोक, दोरीने सुरू होणाऱ्या सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) इंजिनांपुरते आहे.

अमेरिकेतील मिलवॉकीच्या ओली एव्हिनरूड यांचे 1909 चे आउटबोर्ड जेमतेम दीड अश्वशक्तीचे होते आणि त्या भागातली तळी गोड्या पाण्याची. समुद्रावर गणित बदलते. विजेचा सगळा संसार खाऱ्या पाण्यापासून हातभर वर मांडलेला असतो, आणि मीठ कनेक्टरमध्ये शिरले की पितळेवर हिरवी पूड धरते.

फ्लायव्हीलची चुंबके फिरली की चार्ज कॉइलमध्ये शेकडो व्होल्टचा दाब तयार होतो आणि सीडीआय पेटीतल्या कपॅसिटरमध्ये साठतो. पल्सर कॉइलचा इशारा मिळताच पेटी तो साठा इग्निशन कॉइलमध्ये रिकामा करते. तिथे दाब वीस हजार व्होल्टच्या पुढे जातो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. या साखळीला बॅटरी लागत नाही.

चालते इंजिन दिवा मालवावा तसे एकदम बंद पडले, तर संशय करंटवर घ्यावा; आचके देत मेले तर आधी इंधनावर. प्लग काढून पाहिला तरी बरेच कळते. ओला निघाला तर इंधन पोचले, पेटले मात्र नाही. केरळात पुष्कळ होड्या पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेतात. अशा इंजिनांचे प्लग काजळीने लवकर भरतात, त्यामुळे नवा प्लग लावून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सर्वांत महाग भाग म्हणजे सीडीआय पेटी, आणि दोष बहुधा तिच्याच माथी मारला जातो. तिच्याकडे वळण्याआधी बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी स्टॉप वायर सोडवून पाहावी. या इंजिनांत बंद करण्याचे बटण करंट तोडत नाही, तो अर्थला नेऊन सोडते. बटणात किंवा सुरक्षा-दोरीच्या क्लिपखाली मीठ साचले, तर 'बंद हो' हा हुकूम कोणी न देताच चालू राहतो. वायर सोडल्यावर ठिणगी आली, तर चोर सापडला. मात्र त्या अवस्थेत सुरू झालेले इंजिन बटणाने थांबत नाही. चोक ओढून ते थांबवावे लागते.

ठिणगी तपासण्यासाठी 9 ते 11 मिलिमीटर अंतराचा टेस्टर वापरतात. तेवढे अंतर निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी ओलांडते. पिवळट, रोडावलेली ठिणगी कामाची नाही. प्लगची वायर मोकळी लोंबती ठेवून दोरी ओढू नये, कॉइल आतून फुटू शकते. झाकणाखाली पेट्रोलची वाफ कोंडलेली असेल, तर हीच ठिणगी होडी पेटवू शकते. दोरी मंद ओढली तर निरोगी इंजिनही ठिणगी देत नाही, हे नवखा खलाशी हमखास विसरतो.

दोन सिलिंडरच्या इंजिनात एकाच बाजूला ठिणगी नसेल, तर दोन्ही इग्निशन कॉइलींची अदलाबदल करतात. दोष कॉइलीबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर कॉइल वाईट. जागेवरच राहिला, तर मागची पल्सर कॉइल, पेटी किंवा जोडणी पाहायची. दोन्ही बाजू मेल्या असतील, तर स्टॉप वायर, अर्थ, चार्ज कॉइल किंवा पेटी यांपैकी सामाईक ठिकाणी शोध घ्यावा.

साधा मल्टीमीटर येथे फसवतो. करंटचे झटके इतके क्षणिक असतात की त्यांचा कमाल दाब त्याला पकडता येत नाही. त्यासाठी पीक व्होल्टेज अडॅप्टर जोडून आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडतात. थंड असताना धडधडणारे आणि तापल्यावर मुके होणारे इंजिन पिंपातल्या पाण्यात चालवून, गरम असतानाच मोजावे लागते. पाण्याबाहेर चालवले तर पंपाचा रबरी इंपेलर क्षणात करपतो.

ठिणगी जोरदार, इंधन नीट, तरीही इंजिन दोरीला उलटा हिसका देत असेल, तर फ्लायव्हील उतरवून त्याखालची अर्धचंद्राकृती चावी पाहावी. चावी अर्धवट कातरली गेली की फ्लायव्हील शाफ्टवर किंचित सरकते आणि ठिणगी चुकीच्या क्षणी पडते.