वळिवड्याची छावणी

अनमोडचा घाट चढून खानापूरकडे निघालं की नंदगड फार दूर राहत नाही. १८३१ साली संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली ते हे गाव. आपल्या बापजाद्यांना मात्र ते माहीत होतं ते घाटावरची बाजारपेठ म्हणून. या मुलखाशी आपलं आणखी एक नातं आहे. पोर्तुगीज पोलीस मागे लागले की गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक घाट चढून बेळगाव गाठायचे. परागंदा होणं म्हणजे काय, हे गोवेकरांना वेगळं सांगायला नको. आपले तर देवसुद्धा परागंदा झाले! कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, ती सोळाव्या शतकातल्या अशाच एका संकटात.

म्हणूनच बेळगाव-निपाणी ओलांडून कोल्हापूरला जाणाऱ्याने तिथलं वळिवडे एकदा पाहावं. दुसऱ्या महायुद्धात तिथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं.

ही माणसं कोल्हापूरला आली कशी? १९३९ साली पोलंडचे जर्मनी आणि रशियाने लचके तोडले. पूर्वेकडच्या लाखो लोकांना रशियाने १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि मध्य आशियात नेलं. पुढे हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिक हवेसे झाले आणि १९४१च्या करारानंतर या लोकांची सुटका झाली. वाटेत किती मेले त्याची गणती नाही. जगले ते १९४२ साली इराणला पोचले. त्यातल्या काहींना हिंदुस्थानात आसरा मिळाला. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांची सोय केली, ती गोष्ट बरीच गाजली. वळिवड्याची छावणी १९४३ साली उभी राहिली. ती बालाचडीपेक्षा कितीतरी मोठी, पण तिचं नाव मागेच राहिलं.

खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा होता. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. छावणीत नुसतं अन्न-वस्त्र वाटून हात झटकले नाहीत. शाळा, दवाखाना, चर्च, वाचनालय, नाटकं, बालवीर पथक, सगळं होतं आणि चालवणारे बहुतांशी पोलिशच. मुलं आपल्या भाषेत शिकली. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला हे चांगलं कळतं : मदतीच्या यादीतला माणूस फार लवकर नुसता आकडा होतो. वळिवड्यात मास्तर मास्तरच राहिला आणि नर्स नर्सच राहिली.

अर्थात याला दुसरी बाजू आहेच. त्याच १९४३ साली बंगालात माणसं अन्नावाचून लाखोंनी मरत होती, आणि राज्य इंग्रजांचंच होतं. त्यात पोलिश आयाबायांचा काय दोष? पण कुणाच्या भुकेची दखल घ्यायची हे राजकारण ठरवतं, ते तेव्हाही तसंच होतं.

युद्ध संपलं तरी या लोकांना घरी जाता आलं नाही. कारण घरंच रशियाच्या हद्दीत गेली होती. १९४७-४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. कुणी इंग्लंडला गेले, कुणी ऑस्ट्रेलियाला, काही पोलंडला परतले. काहींच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. महावीर उद्यानात एक स्मारकही आहे. २०१९ साली इथे वाढलेली काही मंडळी, आता म्हातारी झालेली, वळिवडे पाहायला आली होती.

असो. बराकी मात्र फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेल्या हिंदूंना त्याच जागेवर वसवण्यात आलं. त्यांच्यासाठी लंडनमधलं कुठलं सरकार पैसे पाठवत नव्हतं. पण त्यांना परत कुठे जायचंही नव्हतं, म्हणून त्यांनी तिथेच दुकानं मांडली. ती वस्ती म्हणजे आजचं गांधीनगर. कापडाची मोठी घाऊक पेठ आहे ती. लग्नसराईत पाय ठेवायला जागा नसते.