पैठणच्या गाड्या आणि दर्यापारचे सामान

परदेशी बिऱ्हाड न्यायचे म्हटले, की आज सामान लोखंडी कंटेनरात भरून बंदरावर पाठवतात. पण आपल्या मराठवाड्यातून दर्यापार सामान जाऊ लागले, त्याला दोन हजार वर्षे होत आली, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. पुरावा मात्र भक्कम आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक माणसाने ‘पेरिप्लस’ हा बंदरांचा वृत्तांत लिहिला. भडोचहून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तो सांगतो. पैठणचे रंगीत मौल्यवान दगड, तेरचे कापड गाड्यांत घालून भडोचला येई. धड रस्ता असा नव्हताच!

भडोचच्या खाडीत भरती-ओहोटीचा मोठा धोका. तेव्हा तिथले कोळी आपल्या होड्यांनी जहाजे ओढून आत नेत. पुढे ईशान्येचे वारे धरून जहाजे तांबड्या समुद्राला लागत. तिथून उंटांच्या पाठीवर वाळवंट ओलांडायचे, मग नाईल नदीने अलेक्झांड्रिया, आणि शेवटी इटली.

त्या इटलीत पॉम्पेई नावाचे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथे वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या डोक्यावर भोक आहे. म्हणून ती तिवईचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असे म्हणतात. म्हणजे घरातलीच वस्तू! तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला निघाल्या. म्हणून ती दख्खनमधूनच गेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

ती घडवणाऱ्याचे नाव कुठे लिहिलेले नाही. त्याची दप्तरे म्हणजे आपल्या गावची पांढर. अन् तीच आपण खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकतो! तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जपून ठेवल्या. आज तिथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. शेतकरी बंधूंनो, पांढरीत मणी, नाणे, खापर दिसले तर तिथेच कुदळ थांबवा आणि गुरुजींना सांगा. गुरुजींनी पुरातत्त्व खात्याला कळवावे. एकदा मोडलेली पांढर पुन्हा रचता येत नाही.