वैद्यकाच्या बाडांतील ‘काळीज’

भंडारा जिल्ह्यांतील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं जुन्या वैद्यकाच्या बाडांची यादी करितांना काळजाच्या सुजेचीं पानें हृद्रोगांत घातलीं. चूक लहान दिसते. पण तिच्यामुळें यकृताच्या चिकित्सेचें प्रकरणच यादींतून नाहींसें होतें, म्हणून तिचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटलें.

अमरकोशांत यकृत् व कालखंड हे शब्द समानार्थी आहेत. संस्कृत कालेय म्हणजेही यकृतच; त्याचें प्राकृत कालिज्ज व मराठी काळीज. आज काळजाला घरें पडतात तीं हृदयाला. खाटकाच्या दुकानीं मात्र शब्दानें जुना अर्थ सोडलेला नाहीं. (कावीळही कामलेपासूनच आली, ग्रामाचा गांव होतांना मकाराचा वकार झाला, तसाच येथेंही.)

तरी केवळ व्युत्पत्तीवर विसंबूं नये, उपचार पाहावा. सुश्रुतानें हृदयाखालीं डावीकडे प्लीहा व उजवीकडे यकृत् सांगितलें आहे. प्लीहोदरांत डाव्या बाहूची शीर सोडावी, यकृद्दाल्युदरांत उजव्या. तेव्हां बाडांत काळीज पानथरीच्या जोडीनें आलें, अथवा उजवी कूस वा उजवा हात सांगितला असला, तर तेथें हृदय संभवत नाहीं. तळ्यांच्या या मुलुखांत हिंवतापामागून वाढणारी पानथरी वैद्यांच्या नित्य परिचयाची असे.

दुसरें एक पान स्नेह्यांनीं ‘लेखकप्रमाद’ असा शेरा मारून ठेविलें होतें. काविळीवर सुंठ, मिरीं, पिंपळी हीं उष्ण द्रव्यें कशीं, अशी त्यांची शंका. शंका रास्त, कावीळ पित्ताची, तिला कडू रेचक द्यावें हा सामान्य नियम. पण चरकानें शाखाश्रित कामला निराळी काढिली आहे. तींत कफानें पित्ताचा मार्ग अडतो व मळ वाटलेल्या तिळांसारखा पांढरट होतो. अशा रोग्यास महाळुंगाचा रस, मध व हींच तीन द्रव्यें सांगितलीं आहेत. मळास पित्ताचा रंग येईपर्यंत उष्ण-तीक्ष्ण उपचार चालवावा, मग नेहमींच्या चिकित्सेकडे वळावें. पित्तनलिका खड्यानें किंवा गांठीनें बुजली असतां मळाचा हाच पांढुरका रंग आजचे डॉक्टरही पाहतात. (खडा मात्र मिऱ्यांनीं विरत नाहीं, पोथी वाचावयाची ती पाठासाठीं, औषधासाठीं नव्हे.)

स्नेह्यांनीं काळजाचीं पानें आतां उदररोगांत लाविलीं आहेत. काविळीच्या पानावरील शेरा त्यांनीं अद्याप खोडलेला नाहीं. त्या पानांत मळाचा रंग लिहिला आहे काय, तें आधीं पाहूं, असें ते म्हणतात.