अपुऱ्या दिवसांची अर्भके आणि मातेचे दूध : गिरणगाव ते शीव

सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलास मराठीत ‘सातमासे’ म्हणतात. आणि सातमासे जगते पण आठमासे जगत नाही, असा समज घरोघरी ऐकू येतो. हा समज केवळ वृद्ध स्त्रियांचा नव्हे. आठव्या महिन्यात ओज हे माता आणि गर्भ यांच्यामध्ये अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातील जन्म धोक्याचा मानावा, असे प्रतिपादन चरकसंहितेच्या शारीरस्थानात आढळते. हिपोक्रेटिसच्या परंपरेतही आठमाशा अपत्याविषयी स्वतंत्र ग्रंथ आहे. आधुनिक वैद्यकाने हा समज निराधार ठरविला आहे. गर्भाशयातील वास्तव्य जितके अधिक, तितकी जगण्याची शक्यता अधिक. तथापि शेवटच्या महिन्यांत मातेकडून गर्भाकडे काही मोलाचे हस्तांतर होते, एवढा त्या कल्पनेतील अंश निराळ्या अर्थाने खरा आहे.

मातेच्या रक्तातील रोगप्रतिबंधक प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरतात ती मुख्यतः गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत. 37 आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे गणले जाते. आणि ते जितके आधी जन्मते तितका त्याचा हा वारसा तोकडा राहतो. या उणिवेची अंशतः भरपाई मातेच्या दुधाने होते. आरंभीच्या चिकाच्या दुधात आतड्याच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम आणि जिवंत पांढऱ्या पेशी विपुल असतात. ज्या मातेचे बाळंतपण अकाली होते, तिच्या पहिल्या काही आठवड्यांच्या दुधात प्रथिनेही अधिक असतात. अशा अर्भकांच्या आतड्याचा भाग सडविणारा एक घातक विकार मातेच्या दुधापेक्षा कृत्रिम दुधावर वाढणाऱ्यांत अधिक आढळतो, हे 1990 साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. तेव्हा अशा अर्भकाच्या बाबतीत पोषण आणि रोगप्रतिकार हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बहुतांशी माता अर्भकापासून किती दूर आहे, यावर अवलंबून राहते. मुंबईचा या विषयातील इतिहास हा या अंतराचाच इतिहास आहे.

1921 साली मुंबई शहरात दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे सुमारे 666 अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण 828 पर्यंत गेले होते. हे आकडे जसेच्या तसे स्वीकारणे मात्र योग्य होणार नाही. जन्मांची नोंद अपुरी होई. शिवाय अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात अथवा घाटावर आपल्या गावी जात आणि मूल घेऊन परतत. अशा मुलाचा जन्म शहराच्या नोंदीत नसे, मृत्यू मात्र असे. त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसते. ही सूट दिली तरी परळ-लालबागच्या चाळींतील स्थिती भीषण होती, यात शंका नाही.

या चाळींतील बाईचा दिवस गिरणीच्या भोंग्याने बांधलेला असे. तान्ह्या मुलाला शेजारणीकडे अथवा मोठ्या भावंडाकडे सोपवून ती कामावर जाई, आणि मूल रडू नये म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ देण्यात येई. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी 1922 साली या प्रथेकडे लक्ष वेधले. बाळगोळीचा दोष मातेच्या अज्ञानावर टाकणे त्या काळी सोपे होते. परंतु अफूने गुंगलेले मूल दूध मागत नाही, आणि न चोखलेले दूध आटत जाते. म्हणजे कामाच्या तासांनी पाडलेले अंतर बाळगोळी अधिकच वाढवीत असे. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला मुळातच चोखण्याचे बळ कमी; त्याची गत काय होत असेल, हे निराळे सांगावयास नको.

या परिस्थितीला दोन दिशांनी उत्तर मिळाले. पहिले संस्थात्मक होते. परळ येथे 1926 साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि 1929 साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. गिरणीधंद्यातून उभी राहिलेली संपत्ती गिरणीकामगारांच्या बाळंतपणाकडे वळली, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. दुसरे उत्तर कायद्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात ज्याचा पुरस्कार केला, ते प्रसूतिलाभाचे विधेयक 1929 साली संमत झाले आणि बाळंतपणानंतर 4 आठवडे स्त्रीला कारखान्यात कामावर ठेवण्यास मनाई झाली. मात्र या कायद्याचे गणित पुऱ्या दिवसांच्या बाळंतपणावर बेतलेले होते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत 4 आठवडे संपत तेव्हा ते मूल गर्भात असते तर चौतिसाव्या आठवड्यात असते. ज्या मुलास मातेची गरज सर्वाधिक, त्याची माता कामावर परतावयाची ती त्याचे दिवस भरण्यापूर्वीच. पुढे 1961 च्या कायद्याने 12 आठवडे आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे रजा दिली. पण रोजंदारीवर, घरकामावर अथवा घरबसल्या मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीपर्यंत ही तरतूद क्वचितच पोचते.

रुग्णालयांच्या वाढीबरोबर अंतराचा एक नवा प्रकार निर्माण झाला. अपुऱ्या दिवसांचे मूल ‘काचेच्या पेटीत’ ठेवले जाऊ लागले. संसर्गाच्या भयाने माता दाराबाहेर राहिली, आणि पेटीतल्या मुलाला डब्याचे, म्हणजे वरचे दूध मिळू लागले. संसर्ग टाळण्यासाठी केलेल्या व्यवस्थेने संसर्गापासून रक्षण करणारी वस्तूच दूर लोटली. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी हा क्रम उलटविला. धारावीच्या शेजारच्या या रुग्णालयात नवजात विभागातील जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू पाहून त्यांनी मातांना विभागात घेतले, कृत्रिम दूध वर्ज्य केले आणि 1989 च्या नोव्हेंबरात मातृदुग्धपेढी स्थापन केली. आशियातील ही पहिली पेढी मानली जाते.

कल्पना नवी नव्हती. व्हिएन्ना येथे 1909 साली अशी पेढी निघाली होती, आणि दुसऱ्या स्त्रीच्या दुधाचा आधार घेण्याची धात्रीची पद्धत तर आयुर्वेदालाही परिचित आहे. नवे होते ते शिस्तबद्ध रूप. दात्या मातेच्या रक्ताची तपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सियसवर 30 मिनिटे तापविले जाते, जंतुपरीक्षेनंतर गोठवून ठेवले जाते. मोबदला दिला जात नाही. दात्या बहुतांशी त्याच रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रिया; म्हणजे एका गरीब बाईचे जादा दूध दुसरीच्या मुलाला मिळते.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नोंदविणे अगत्याचे आहे. तापविल्याने जंतू मरतात, तशा जिवंत पेशीही मरतात आणि प्रतिपिंडांचा काही अंश नष्ट होतो. दिल्लीत डॉ. इंदिरा नारायणन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि 1984 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, न तापविलेले मानवी दूध मिळालेल्या कमी वजनाच्या अर्भकांत संसर्ग सर्वांत कमी आढळला, तर तापविलेल्या दुधाला कृत्रिम दुधाची जोड दिलेल्या गटात सर्वांत अधिक. तेव्हा पेढी हा दुसरा पर्याय होय. पहिला स्वतःच्या मातेचे दूध. त्याचप्रमाणे शहरातील अर्भकमृत्यूंच्या घटीचे सारे श्रेय दुधाला देणे इतिहासास धरून होणार नाही. शुद्ध पाणी, लसी आणि प्रतिजैविके यांचा त्यातील वाटा मोठा आहे.

एवढे मान्य करूनही एक निष्कर्ष उरतो. गिरणीचा भोंगा, कायद्यातील चार आठवडे आणि विभागाचे बंद दार, यांपैकी एकही गोष्ट वैद्यकाच्या अज्ञानातून आलेली नव्हती; प्रत्येकीने मातेचा वेळ अथवा तिचा प्रवेश दुसऱ्या कोणाच्या सोयीने ठरविला. मुंबईच्या अर्भकमृत्यूंची कोष्टके अभ्यासणाऱ्याने म्हणूनच खोल्यांच्या संख्येबरोबर आणखी एक रकाना आखावयास हवा : मूल जन्मल्यानंतर त्याची आई त्याच्याजवळ किती दिवस राहू शकली.