घोगरा सूर आणि निकोप गळा

रॉक आणि मेटल या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य गायनांत आवाजाचा घोगरेपणा हा दोष नसून अलंकार मानला जातो. ज्याच्या कानांस तें गाणें अपरिचित आहे, त्यास गायक आपला गळा फाडून घेत आहे असेंच वाटतें. आणि दुर्दैवाची गोष्ट ही कीं, तें गाणें नव्यानें शिकूं पाहणाऱ्या पुष्कळ तरुणांचीही समजूत हीच असते. गळा खरवडल्यावांचून खरखर निघावयाची नाहीं, अशा भ्रमानें ते ओरडत राहतात, आणि त्यांतील कित्येक जण शेवटीं साधा बोलण्याचा आवाजही गमावून बसतात. हा भ्रम कसा पसरला व कसा निवळत गेला, याचा इतिहास जाणण्यासारखा आहे.

त्याचा आरंभ एका अगदीं निराळ्या गायनशाळेंत सांपडतो. मॅन्युएल गार्सिया हा एका विख्यात स्पॅनिश ऑपेरा-गायकाचा मुलगा १८०५ सालीं जन्मला. ऐन तारुण्यांत अतिश्रमानें त्याचा आवाज बिघडला, आणि रंगभूमी सोडून त्यानें अध्यापन पत्करलें. १८४१ मध्यें स्वीडनची जेनी लिंड ही वीस वर्षांची गायिका त्याच्याकडे पॅरिसला आली, तेव्हां अखंड प्रयोगांनीं तिचा कंठ पार शिणून गेला होता. गार्सियानें तिला प्रथम एकही पाठ दिला नाहीं. कांहीं आठवडे पूर्ण विश्रांति घेण्यास सांगितलें, आणि मगच शिकवावयास आरंभ केला. तीच जेनी लिंड पुढें युरोप-अमेरिकेंत कीर्तीच्या शिखरावर पोहोंचली. स्वतःचा आवाज गेलेल्या मनुष्यानें दुसऱ्याचा परत आणावा, यांत एक प्रकारचें औचित्यच होतें.

परंतु गार्सियाचें समाधान एवढ्यानें झालें नाहीं. गळ्याच्या आंत काय चालतें, हें त्यास डोळ्यांनीं पाहावयाचें होतें. १८५४ मध्यें त्यानें दंतवैद्याचा लहान आरसा घशांत धरला, हातांतील दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढील वर्षीं त्यानें हीं निरीक्षणें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलीं. स्वरयंत्राच्या प्रत्यक्ष अवलोकनास चालना मिळाली ती येथून.

हे स्वरतंतु साध्या बोलण्यांतही पुरुषांच्या गळ्यांत सेकंदास शंभरांहून अधिक, तर स्त्रियांच्या गळ्यांत दोनशेंच्या आसपास वेळां एकमेकांस भिडतात. त्यांना जोरानें दाबून ओरडलें म्हणजे हा स्पर्श आघात बनतो. आणि कुदळ मारणाऱ्याच्या तळहातास घट्टे पडावे, तशा तंतूंच्या कडांवर गांठी येतात.

एक शतक लोटलें. ११ फेब्रुवारी १९६३ रोजीं लंडनच्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणशाळेंत बीटल्स या चमूनें एका दिवसांत दहा गाणीं मुद्रित केलीं. जॉन लेननला पडसें झालें होतें. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हें गाणें त्याचा गळा बसवील, हें ओळखून निर्माता जॉर्ज मार्टिन यानें तें मुद्दाम अखेरीस ठेवलें. तेंच पहिलें मुद्रण जगानें ऐकलें. दुसऱ्या प्रयत्नास गळ्यांत आवाज उरला नव्हता. गाणें विलक्षण परिणामकारक झालें यांत संशय नाहीं, पण एका रात्रीच्या निकडीचा तो उपाय होता, आणि लोकांनीं त्यालाच पद्धति समजण्याची चूक केली. लेननला ज्याच्या गायकीचें वेड होतें, तो अमेरिकन गायक लिटल रिचर्ड १९५५ मध्यें तसाच कर्कश गाऊन पुढें आला होता, आणि अर्धशतकाहून अधिक काळ तो रंगमंचावर गातच राहिला. त्याची ती तऱ्हा जॉर्जियांतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत लहानपणापासून मुरलेली होती.

या मुरण्याचें रहस्य काय, तें वेगळ्याच ठिकाणीं उलगडलें. इटलीच्या सार्डिनिया बेटांतील मेंढपाळांचें चौघांनीं मिळून गावयाचें एक गाणें आहे. त्यांतील ‘बासू’ हा खर्जाचा गायक घशांतून खरखरीत सूर काढतो. मंगोलियाच्या उत्तरेस तुवा प्रांतांत ‘कारगिरा’ नांवाचें तसेंच गायन आहे. संशोधकांनीं बारीक दुर्बीण घालून या गायकांचे गळे पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं, खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची जी दुसरी जोडी असते, ती या गाण्यांत कंप पावते. खऱ्या तंतूंच्या दर दोन कंपांमागें तिचा एक कंप होतो, म्हणून सूर एक सप्तक खालीं उतरल्यासारखा भासतो. खरखर वरच्या मजल्यावरची. तळमजला आपलें काम स्वस्थपणें करीत असतो. मेटल-गायकांच्या गुरगुरण्यांतही पुढें बव्हंशीं याच वरच्या भागांचा कंप आढळून आला.

१९८५ मध्यें कॅलिफोर्नियाचा पॉझेस्ड आणि १९८७ मध्यें बर्मिंगहॅमचा नेपाम डेथ, या चमूंनीं हें गुरगुरणें ध्वनिमुद्रिकांवर आणलें, तेव्हां मेंढपाळांना लाभलेली परंपरा त्यांच्या पाठीशीं नव्हती. तें शिक्षण मागाहून आलें. कोपनहेगनच्या कॅथ्रिन सॅडोलिन यांनीं अशा आवाजांचे प्रकार पाडून ते शिकवावयास घेतले. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनीं २००५ मध्यें दृश्यफितीवर पाठ प्रसिद्ध केले.

या नव्या पद्धतींत शिष्य प्रथम स्वच्छ सूर लावतो, श्वास पोटाच्या आधारानें सोडतो, आणि मान व जबडा सैल ठेवून त्या सुरावर खरखर हलकेंच चढवितो. नवख्यास ऐकून आश्चर्य वाटतें, पण प्रचंड भासणारी ही गर्जना पुष्कळदां बोलण्याहून फारशी मोठी नसते; ती मोठी करण्याचें काम ध्वनिक्षेपकाचें. घशांत खवखव झाली अगर खोकला आला कीं, तालीम तेथेंच थांबवावयाची, आणि आवाज बसला असेल त्या दिवशीं मौन. दोन-तीन आठवड्यांत तो सुधारला नाहीं, तर घशाच्या वैद्याकडे जावयाचें. आतां त्याच्या हातीं आरशाऐवजीं नाकावाटे घालावयाची बारीक नळी असते, आणि तिला सूर्यप्रकाशाची वाट पाहावी लागत नाहीं.